वेदनाशामक गोळ्यांचा ताळेबंद

आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान या चार दानांचे महत्त्व आपल्या समाजात लहानपणापासून मनावर बिंबविले जाते. त्यांतील औषधदान व्यापारी पेढीवर अगदी साध्या रूपाने रोज घडत असते. मेजाच्या खणात पावतीपुस्तक आणि शिक्का यांच्या शेजारीच दुखण्यावरील गोळ्यांची एक पट्टी पडलेली असते. पोती वाहून पाठ धरलेला हमाल, हिशेब जुळविता जुळविता डोके दुखू लागलेले मुनीमजी, गुडघेदुखीने बेजार झालेले वयोवृद्ध भागीदार, जो मागेल त्याला त्यांतील एक गोळी मिळते. देणाऱ्याच्या मनात सद्भावनेवाचून दुसरे काही नसते. परंतु उधारी देताना आपण घेणाऱ्याची पत पाहतो. गोळी देताना मात्र त्याचे जठर, मूत्रपिंड, यकृत व हृदय यांची पत कोणी पाहत नाही. वस्तुतः वेदनाशामक गोळी ही एक प्रकारची उधारीच होय. आराम आज मिळतो, त्याची किंमत शरीर मागाहून चुकविते. आणि जी रक्कम एकाला सहज झेपते तीच दुसऱ्याला बुडविते. हा व्यवहार कसा होतो ते समजावून सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शरीराच्या एखाद्या भागास इजा झाली म्हणजे तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांच्यामुळे तो भाग सुजतो आणि तेथील मज्जातंतू अधिक हळवे होऊन दुखणे वाढते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन इत्यादी औषधे ही द्रव्ये तयार होण्यास अटकाव करतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली ही क्रिया उलगडून दाखविली व १९८२ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि संकटकाळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळी पोटात गेली म्हणजे पाठीतील द्रव्य कोणते आणि जठरातील कोणते, असा भेद ती करीत नाही. अर्थात् या औषधांचे गुण आणि दोष एकाच मुळातून निघालेले आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

यावरून एक मोठा गैरसमज दूर होईल. भरल्या पोटी गोळी घेतली म्हणजे जठराला धोका नाही, असे पुष्कळांना वाटते. भरल्या पोटी घेतल्याने जळजळ कमी होते हे खरे. परंतु औषध रक्तातूनही जठरापर्यंत पोहोचते. म्हणून भरल्या पोटी घेतलेली गोळी, किंबहुना टोचून घेतलेले इंजेक्शनही, जठरात व्रण पाडू शकते. पूर्वी व्रण झालेला असेल, वय साठीच्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर हा धोका अधिकच वाढतो.

अ‍ॅस्पिरिन हे या कुळातील ज्येष्ठ औषध. विलो नावाच्या झाडाच्या सालीने ताप उतरतो, असे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ साली रॉयल सोसायटीस कळविले होते. पुढे १८९७ साली जर्मनीतील बायर कारखान्यात अ‍ॅस्पिरिन शुद्ध रूपात तयार करण्यात आले. रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट कणिकांचे काम ते बंद पाडते आणि त्या कणिका जिवंत असेपर्यंत, म्हणजे सुमारे आठ-दहा दिवस, हा परिणाम टिकतो. म्हणूनच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यास ते अल्प प्रमाणात रोज दिले जाते. अशा रोग्याने ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. परंतु डेंग्यूच्या तापात प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अथवा डायक्लोफेनॅक दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून पावसाळ्यात अंगदुखीसह ताप आला, तर डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत या गोळ्या टाळाव्यात. लहान मुलांना तर तापात अ‍ॅस्पिरिन मुळीच देऊ नये. त्यातून मेंदू व यकृत यांवर आघात करणारा रे नावाचा दुर्मीळ परंतु भयंकर विकार उद्भवू शकतो.

जठराला कमी त्रास देणारे औषध शोधण्याच्या प्रयत्नांतून १९९९ साली रोफेकॉक्सिब हे औषध बाजारात आले. त्याचा मोठा गाजावाजा झाला. परंतु त्यामुळे हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण वाढते असे दिसून आल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये उत्पादकांनीच ते जगभरातून मागे घेतले. एका बाजूची बचत दुसऱ्या बाजूच्या नुकसानीत जमा झाली! डायक्लोफेनॅकही हृदयाच्या बाबतीत निर्धोक नाही. ज्यांना हृदयविकार आहे किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांनी ते घेऊ नये, असा इशारा युरोपातील औषध-नियंत्रकांनी २०१३ साली दिला. रक्तदाबावरील औषधांचा गुणही या गोळ्यांमुळे कमी होतो. रक्तदाबाच्या औषधाबरोबर लघवी वाढविणारे औषध चालू असताना ही तिसरी गोळी पोटात गेली, तर मूत्रपिंडे एकाएकी थकू शकतात. उन्हात घाम गाळून, पुरेसे पाणी न पिता रोज गोळी घेणाऱ्या हमालाच्या मूत्रपिंडांनाही तोच धोका आहे.

पॅरासिटामॉल हे या कुळाबाहेरचे औषध. ते सूज उतरवीत नाही. परंतु जठर व मूत्रपिंड यांना त्याचा उपद्रव पुष्कळच कमी असल्यामुळे ताप व साधी डोकेदुखी यांवर प्रथम तेच वापरणे योग्य ठरते. निरोगी प्रौढ माणसाने चोवीस तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही मर्यादा कदापि ओलांडू नये. कृश, वयोवृद्ध, यकृताचे रोगी आणि मद्यपी यांच्यासाठी ती याहून खाली असते. या औषधाचा काही अंश यकृतात विषारी द्रव्यात रूपांतरित होतो आणि ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य ते विष निकामी करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. घात असा की, पहिल्या दिवशी रोग्यास विशेष काही जाणवतही नाही. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा त्यावर उत्तम उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला पाहिजे. म्हणून चुकून मात्रा जास्त झाली, तर लक्षणांची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. सर्दी-पडशाच्या अनेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन निराळ्या नावांच्या गोळ्या घेताना एकच औषध दुप्पट जात नाही ना, हे पट्टीवरील मजकुरावरून ताडून पाहावे.

येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. दीर्घ उपवासाने यकृतातील ग्लुटाथायोनचा साठा घटतो. म्हणून पर्युषणातील अठाई किंवा दशलक्षण पर्वातील उपवास पूर्ण करून पारणे करणाऱ्याने डोके दुखते म्हणून पाठोपाठ पॅरासिटामॉल घेत राहू नये. शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक घेणे त्याहून वाईट. आधी पाणी व हलका आहार पोटात जाऊ द्यावा. चउविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळची गोळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवे झाल्यास गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करू शकते. मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. यतनेने केलेले तप हे तपच होय.

जे औषध एकाला सोसते ते दुसऱ्याला घातक ठरते, याचे अत्यंत दारुण उदाहरण प्राणिसृष्टीत घडले. गुराढोरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृत देहातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा-वीस वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ साली संशोधनाने कारण सिद्ध झाले व २००६ साली भारत सरकारने पशूंसाठी या औषधास बंदी केली. असेक्लोफेनॅक व केटोप्रोफेन यांनाही २०२३ साली पशूंसाठी मज्जाव झाला. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सोसते असे आढळले आहे. पांजरपोळांना देणगी देणाऱ्या व त्यांचा कारभार पाहणाऱ्या बंधूंनी तेथील पशुवैद्यांकडे याची आवर्जून चौकशी करावी. गायीला दिलेले औषधदान आणि गिधाडाला दिलेले अभयदान एकमेकांच्या आड येता कामा नये.

पेढीवरील खणातून कोणास गोळी देण्यापूर्वी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. पोटात कधी व्रण झाला होता काय? दमा, मूत्रपिंडाचा, यकृताचा वा हृदयाचा विकार आहे काय? दुसरी कोणती औषधे चालू आहेत? पूर्वी एखाद्या गोळीने अंगावर पुरळ वा धाप आली होती काय? स्त्री असल्यास गर्भवती नाही ना? आणि ही कितव्या दिवसाची गोळी? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन-तीन दिवसांत न थांबणारे दुखणे गोळीने दडपण्याचे नव्हे, डॉक्टरांना दाखविण्याचे असते. सांध्यांच्या दुखण्यावर शेक, विश्रांती व वेदनाशामक मलम यांनीही पुष्कळदा काम भागते. मलमातील औषध रक्तात फारच थोडे उतरते. काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, पायांवर सूज, डोळे पिवळे दिसणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास गोळी तत्क्षणी बंद करून डॉक्टरांकडे जावे.

या विवेचनाचा अर्थ वेदनाशामक औषधांना भ्यावे असा नाही. वेदना सोसत राहण्यात पुण्य नाही आणि योग्य माणसाला, योग्य मात्रेत, थोड्या दिवसांपुरती दिलेली गोळी हे खरे औषधदानच आहे. दान देताना पात्राचा विचार करावा, ही शिकवण आपणांस नवी नाही. तीच या लहानशा पांढऱ्या गोळीलाही लागू करावी, एवढीच नम्र विनंती.