मागणारा आणि देणारा

आपल्या व्रतांच्या कहाण्यांतून आणि पुराणांतून मागणारे व देणारे पावलोपावली भेटतात. कोणी वर मागतो, कोणी न्याय मागतो, तर कोणी केवळ आसरा मागतो. ऐकणाऱ्याला वाटते, मागणाऱ्याचे काय होईल? परंतु अशा कथांत खरी कसोटी लागते ती देणाऱ्याची. मध्ययुगातील तीन कथांवरून हे पाहू. त्यांपैकी दोन दूरच्या इटली देशातील आहेत, तर एक आपल्या मराठीतील आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत 'नोव्हेल्लिनो' नावाचा सुमारे शंभर लहान कथांचा संग्रह तयार झाला. त्यात रोमचा सम्राट त्राजान याची कथा आहे. सम्राट सैन्यासह युद्धास निघाला असता एका विधवेने त्याची रिकीब धरली. तिच्या मुलाची अन्यायाने हत्या झाली होती. तिने न्याय मागितला. सम्राट म्हणाला, "परत आल्यावर पाहीन." ती म्हणाली, "आपण परतला नाहीत तर?" "माझ्यामागून येणारा राजा न्याय करील." त्यावर तिने विचारले, "त्याने केलेल्या न्यायाचे पुण्य आपणांस कसे लाभणार?" सम्राट निरुत्तर झाला. तो घोड्यावरून उतरला, त्याने आधी न्याय केला आणि मगच तो युद्धास गेला.

इटलीतील बोकाचियो (१३१३–१३७५) याने 'डेकामेरॉन' हा शंभर कथांचा ग्रंथ लिहिला. १३४८ साली फ्लॉरेन्स नगरात प्लेगची भयंकर साथ आली. तेव्हा नगर सोडून गेलेली दहा तरुण माणसे दहा दिवस एकमेकांना कथा सांगतात, अशी त्याची मांडणी आहे. त्यात फेदेरिगो नावाचा एक सरदार आहे. सारी संपत्ती उधळून तो दरिद्री झालेला असतो. त्याच्यापाशी एक उत्तम शिकारी ससाणा मात्र उरतो. एके दिवशी जिच्यावर त्याचे प्रेम असते ती ज्योव्हान्ना त्याच्या घरी येते. पाहुणीला वाढण्यास घरात काहीच नसते, म्हणून तो ससाणा मारून रांधतो. भोजनानंतर ती येण्याचे कारण सांगते. तिचा मुलगा आजारी असून त्याला तोच ससाणा हवा असतो! फेदेरिगोच्या डोळ्यांत पाणी येते. जे मागितले जाणार होते, ते त्याने मागण्यापूर्वीच देऊन टाकलेले असते.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. महानुभाव पंथातील म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून सुमारे १२७८ साली 'लीळाचरित्र' हा मराठी गद्यग्रंथ सिद्ध केला. भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना तो विशेष जवळचा वाटावा, कारण नीळभट भांडारेकार या भंडाऱ्याच्या अनुयायाचे नाव त्यात येते. त्यातील एका लीळेत पारध्यांच्या कुत्र्यांना भ्यालेला एक ससा धावत येऊन स्वामींच्या गुडघ्याखाली दडतो. पारधी येतात आणि ससा मागतात. हा पैजेचा ससा आहे, असेही ते सांगतात. स्वामी तो देत नाहीत. शरण आलेल्याला मरणाच्या हाती कसे द्यावे, असे त्यांचे म्हणणे असते. ससा वाचतो.

या तिन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. सम्राट उद्यावर टाकू पाहतो, म्हणून न्याय जवळजवळ हातचा जातो. फेदेरिगो सर्वस्व देतो, तरी आजारी मुलाला हवे ते त्याला देता येत नाही. स्वामी तर चक्क नकार देतात. परंतु तेथे मागणारे दोन होते. पारध्यांना वाणी होती आणि सशाला ती नव्हती. ज्याला बोलता येत नव्हते, त्याचे मागणे स्वामींनी आधी ऐकले. म्हणून तो नकारही दानच ठरला.

आपल्यापुढेही कोणी ना कोणी काही मागत असतोच. देण्यापूर्वी आपण त्याचे मागणे ऐकतोच. पण त्याच वेळी न बोलता मागणारा आणखी कोणी जवळ आहे काय, हेही पाहावे.