फवारणीला जाता? भूल देण्याआधी डॉक्टरांना सांगा

पोटाचे मोठे ऑपरेशन म्हटले की पूर्ण भूल आली. आपण ‘भुलीचे इंजेक्शन’ म्हणतो, पण ते एकच औषध नसते. झोपेचे वेगळे, वेदना थांबवणारे वेगळे आणि स्नायू ढिले करणारे वेगळे. या तिसऱ्याविषयी आम्ही सांगत आहोत.

या औषधाने पोटाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासनलिकेत नळी सहज बसते. श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून औषध उतरेपर्यंत भूलतज्ज्ञ मशीनने श्वास देतात.

सक्सामेथोनियम, म्हणजे स्कोलिन, मिनिटभरात लागू पडते आणि 5 ते 10 मिनिटांत उतरते. पोट भरलेला रुग्ण तातडीने टेबलावर घ्यावा लागला तर ते उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी अंग दुखू शकते. काही दिवसांपूर्वी जास्त भाजलेल्या किंवा लकवा झालेल्या रुग्णाला ते धोक्याचे असते. रक्तातले पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकते.

व्हेक्युरोनियम आणि अ‍ॅट्राक्युरियम 2 ते 3 मिनिटांत लागू पडतात आणि साधारण अर्धा तास टिकतात. अ‍ॅट्राक्युरियम रक्तात बरेचसे आपोआप विघटित होते, म्हणून मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेल्यांना ते सोयीचे. रोक्युरोनियम मोठ्या मात्रेत स्कोलिनइतकेच लवकर लागू पडते, पण जास्त वेळ टिकते. या तिन्हींचा उरलेला असर शेवटी उलट इंजेक्शन देऊन उतरवता येतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. स्कोलिन उतरते ते रक्तातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या घटकामुळे. कपाशीवर मारतात ती प्रोफेनोफॉससारखी औषधे हाच घटक निकामी करतात. तो भरून यायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात स्कोलिन दिले तर 10 मिनिटांचा असर काही तास राहू शकतो आणि रुग्ण मशीनवरच राहतो. काही घराण्यांत हा घटक जन्मतःच कमी असतो.

जळगाव-धुळ्याकडे आपली कितीतरी माणसे मजुरीने फवारणीला जातात. तेव्हा धुळ्याचे हिरे मेडिकल कॉलेज असो, जळगावचे सिव्हिल असो की खासगी दवाखाना, भूलतज्ज्ञांना न विचारताही सांगा: गेल्या काही आठवड्यांत फवारणी केली का, विषबाधा झाली होती का, घरात कुणाला भुलीतून उठायला फार वेळ लागला होता का, लकवा, भाजणे, मूत्रपिंडाचा आजार आहे का. मजुरीचे काम सांगायला लाजू नका. हे आधी कळले तर भूलतज्ज्ञ दुसरे औषध निवडू शकतात. जुना डिस्चार्ज कागद जपून ठेवा आणि सोबत न्या.