किल्ली आपणच देतो!

तुमचा पासवर्ड विचारत नाही, घाबरू नका. पण घाईघाईत शेवटचा पिन कधी टाकलात, आठवतंय?

मी सांगते. रूम बदलताना जुनं टेबल विकायला काढलं होतं. फोनवर गिऱ्हाईक म्हणालं, 'ताई, क्यूआर पाठवलाय. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.' टाकला. दोन हजार गेले. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही, हे मला माहीत होतं हो! पण 'टेम्पोवाला थांबलाय' असं तो सारखं म्हणत होता आणि त्याला ताटकळत ठेवणं मला बरं वाटेना.

हॅकर म्हटलं की हुडी घालून काळ्या स्क्रीनसमोर बसलेला पोरगा डोळ्यांसमोर येतो. जुलै २०२० मध्ये ट्विटरवर ओबामा, बायडेन, मस्क यांची अकाउंट्स हायजॅक झाली. सूत्रधार होता फ्लोरिडातला १७ वर्षांचा मुलगा. टोळीने काय केलं? कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फोन लावले. 'आयटीतून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनचा प्रॉब्लेम सोडवायचाय.' घरून काम करणाऱ्यांचं व्हीपीएन तेव्हा तसंही रडतच होतं. काहींनी खोट्या पेजवर लॉगिन टाकलं. झालं!

माझी मोठी चूक मात्र पुढची. लाज वाटली म्हणून दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवलं, तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येऊ शकतात. मी फोन केला तोवर उशीर झाला होता.

आईला अजून बोलले नाहीये. आज पेपरात वाचेल.