विश्लेषण : दुसरं महायुद्ध नेमकं कधी सुरू झालं? नागपूरचे डॉ. चोळकर तर वर्षभर आधीच निघाले होते!

१ सप्टेंबर १९३८. मुंबई बंदरातून 'राजपुताना' ही बोट पाच भारतीय डॉक्टरांना घेऊन चीनकडे निघाली. पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल. सोबत नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि कोलकात्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. जपानशी लढणाऱ्या चीनच्या जखमी सैनिकांवर उपचार करणं, हे त्यांचं काम.

आता शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवा. दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात : १ सप्टेंबर १९३९. म्हणजे आपले डॉक्टर घरून निघाले, त्याला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी युद्ध 'सुरू' झालं. मग ते नेमके कोणत्या युद्धावर गेले होते?

प्रश्न खोडसाळ वाटेल, पण इतिहासकार यावर गंभीरपणे वाद घालतात. उत्तर एका तारखेत मिळत नाही. ते आपण कुठे उभं राहून विचारतो यावर ठरतं.

१ सप्टेंबर ही तारीख कुठून आली?

त्या दिवशी पहाटे पावणेपाचच्या सुमारास जर्मनीच्या 'श्लेस्विग-होल्स्टाइन' या युद्धनौकेने पोलंडच्या वेस्टरप्लाट इथल्या लष्करी ठाण्यावर तोफा डागल्या. दोन दिवसांनी, ३ सप्टेंबरला ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. या दोन देशांच्या वसाहती जगभर पसरलेल्या होत्या, त्यामुळे युरोपातलं भांडण एका झटक्यात अनेक खंडांचं झालं. तारखेमागचा तर्क हा असा आहे आणि तो चुकीचा नाही.

अडचण एवढीच की तोपर्यंत आशियात लाखो माणसं मेली होती. बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी ७ जुलै १९३७ रोजी चिनी आणि जपानी सैन्यात चकमक उडाली आणि तिचं पूर्ण युद्ध झालं. शांघाय पडलं. डिसेंबरमध्ये नानजिंगमध्ये भयंकर कत्तल झाली. तरीही कागदावर ते युद्ध नव्हतं! कारण मोठं व्यवहारी आहे. युद्ध जाहीर झालं असतं, तर अमेरिकेच्या तटस्थता कायद्यानुसार दोन्ही देशांना अमेरिकेकडून शस्त्रं मिळणं बंद होऊ शकलं असतं. ते चीनला परवडणारं नव्हतं आणि जपानलाही नको होतं. त्यामुळे जपान या सगळ्याला 'घटना' म्हणत राहिला. चीनने अधिकृत युद्धघोषणा केली ती थेट ९ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे लढाई सुरू झाल्यावर चार वर्षांहून अधिक काळाने.

आम्हा इंजिनीअर मंडळींना ही भानगड ओळखीची आहे. यंत्र कधी बंद पडलं, याचं उत्तर अलार्म वाजला ती वेळ की बेअरिंग झिजायला लागलं ती वेळ? लॉगबुकात मात्र अलार्मचीच वेळ लिहिली जाते.

चीनने स्वतःचं लॉगबुक अलीकडेच बदललं. २०१७ पासून तिथल्या पाठ्यपुस्तकांत जपानविरोधी युद्ध 'आठ वर्षांचं' नव्हे, तर 'चौदा वर्षांचं' म्हणून शिकवलं जातं. सुरुवात धरली जाते १८ सप्टेंबर १९३१ पासून, म्हणजे जपानने मांचुरियात सैन्य घुसवलं तेव्हापासून. त्यात आजचं राजकारण आहे हे उघड आहे. पण १९३९ या आकड्यातही एका बाजूचं राजकारण आहेच, फक्त त्याची आपल्याला सवय झाली आहे.

नागपूरचा डॉक्टर चीनमध्ये कसा पोहोचला?

चिनी सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांच्या आवाहनानंतर देशभरातून निधी जमला, औषधं आणि रुग्णवाहिका घेतली गेली आणि पथक रवाना झालं. जपानी मालावर बहिष्कार टाका, असं आवाहनही काँग्रेसने केलं होतं. लंडन आणि पॅरिसमध्ये हिटलरला समजावण्याचे प्रयत्न सुरू होते, तेव्हा हे घडत होतं.

पथकप्रमुख डॉ. अटल तर त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय सेवा देऊन आले होते. स्पेन, मग चीन. त्यांच्या लेखी हे एकाच आगीचे दोन लोळ असावेत. पाचही डॉक्टरांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकाच्या नावात 'हुआ' म्हणजे चीन हा शब्द जोडला गेला. कोटणीस झाले 'के दिहुआ'. सप्टेंबर अखेरीस पथक वुहान परिसरात होतं आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचलं. पोलंडवर पहिला गोळा पडायला तेव्हा अजून सहा महिने होते.

वर्ध्याची तारीख वेगळी

युरोपात युद्ध पेटलं तेव्हा नेहरू स्वतः चीनच्या दौऱ्यावर होते. दौरा आटोपता घेऊन ते परतले आणि वर्ध्याला पोहोचले. नागपूरपासून रेल्वेने तास-दीड तासावरचं हे गाव तेव्हा देशाच्या राजकारणाचं केंद्र होतं.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये, म्हणजे युद्धघोषणेच्या काही आठवडे आधीच, वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीने एक ठराव केला होता. भारतीय सैनिकांना कुणालाही न विचारता इजिप्त आणि सिंगापूरला पाठवलं जात आहे, याचा त्यात निषेध होता. म्हणजे आपले जवान बोटीत बसले होते आणि युद्ध अजून 'सुरू' व्हायचं होतं.

३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. कायदेमंडळाला विचारलं नाही, प्रांतांच्या निवडून आलेल्या सरकारांनाही नाही. तुलना करून पाहा. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत ८० विरुद्ध ६७ असं मतदान झालं, पंतप्रधान पायउतार झाले आणि ६ सप्टेंबरला तो देश युद्धात उतरला. कॅनडाने आपल्या संसदेत चर्चा करून १० सप्टेंबर ही स्वतःची तारीख ठरवली. दोन्ही ब्रिटिश साम्राज्यातलेच देश. आपली तारीख मात्र सिमल्याहून आली.

१४ सप्टेंबरला वर्ध्यातच कार्यसमितीने सवाल टाकला : हे युद्ध लोकशाहीसाठी असेल, तर भारताच्या लोकशाहीचं काय? समाधानकारक उत्तर आलं नाही. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडचं रविशंकर शुक्ल यांचं मंत्रिमंडळही नोव्हेंबरमध्ये गेलं. पुढच्या वर्षी १७ ऑक्टोबरला विनोबा भावे यांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. 'या युद्धाला माणसं किंवा पैसा देऊ नका' एवढं जाहीरपणे बोलणं हाच त्यांचा गुन्हा.

बाकी जगाचं काय?

इथिओपियाला विचाराल तर ३ ऑक्टोबर १९३५, कारण त्या दिवशी इटलीने हल्ला केला. (त्याच इटलीच्या सैन्याशी १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत आपले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान लढले.) रशियात 'महान देशभक्तीपर युद्ध' २२ जून १९४१ ला सुरू होतं. त्याआधी पोलंडचा अर्धा भाग स्वतः सोव्हिएत सैन्यानेच घेतला होता, ते या हिशेबात येत नाही. अमेरिकेसाठी तारीख आहे ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बर.

यात एक गंमत आहे. मलायातल्या कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरलं ते ८ डिसेंबरला, मध्यरात्रीनंतर. तारीख एक दिवस पुढची, पण आंतरराष्ट्रीय वार रेषेचा हिशेब लावला तर हा हल्ला पर्ल हार्बरच्या साधारण तासभर आधीचा! तो झेलला भारतीय सैनिकांनी, डोग्रा रेजिमेंटच्या जवानांनी.

भारताच्या मुख्य भूमीवर युद्ध आलं ते आणखी उशिरा. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. आणि गोवा? पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. १९३९ पासून जर्मन जहाजं मुरगाव बंदरात आश्रय घेऊन उभी होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री ब्रिटिशांच्या बाजूने आलेल्या एका तुकडीने 'एहरेनफेल्स'वर छापा घातला आणि युद्धात नसलेल्या बंदरात जहाजं जळाली.

मग परीक्षेत काय लिहायचं?

जागतिक संदर्भात विचारलं तर १ सप्टेंबर १९३९, भारताबद्दल विचारलं तर ३ सप्टेंबर १९३९. उत्तरतालिकेशी वाद घालू नका. मुलाखतीत मात्र 'आशियात १९३७' हे सांगायला हरकत नाही, कारणासकट सांगा.

चीनला गेलेल्या पाचपैकी चौघे टप्प्याटप्प्याने मायदेशी परतले. कोटणीस तिथेच थांबले, तिथेच लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. चीनच्या अधिकृत युद्धघोषणेला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. कोटणीसांना तिथे येऊन चार वर्षं होऊन गेली होती.