बॉनेटखालचा जोसेफ हेन्री

एका वाचकाचा प्रश्न आहे: चावी फिरवली, पण सेल्फ मारला नाही, तर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो आणि आपोआप थांबतो. गाडीत काही बिघाड आहे का?

मुळीच नाही. तो पेट्रोलच्या टाकीत बसवलेला पंप. इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, पाइपात दाब येण्यापुरता पंप चालवतो आणि क्रँकच्या सेन्सरकडे लक्ष ठेवतो. इंजिन फिरत नसेल तर पंप बंद. अपघातात इंजिन थांबले, तर चावी चालू असली तरी फुटलेल्या पाइपातून पेट्रोल उडत राहू नये, म्हणून ही काळजी.

त्या आवाजाच्या आधी एक बारीकशी ‘टिक’ ऐकू येते. खरी गंमत तिथे आहे. पंपाला कित्येक अँपिअर लागतात, रेडिएटरच्या पंख्याला त्याहून जास्त. एवढा प्रवाह स्वतःतून नेणे ईसीयूला परवडत नाही. तो फक्त रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, कॉइलचे एक टोक अर्थ करतो. दुसऱ्या टोकाला प्लस आधीच आलेला असतो. कॉइलला दीड-दोनशे मिलिअँपिअर पुरतात. ती चुंबक बनते, लोखंडी पत्ती ओढते, संपर्क जुळतात आणि बॅटरीचा प्रवाह फ्यूजमधून थेट पंपाकडे जातो. पंप बंद पडला की वायरिंगवाला रिले उपटून 30 आणि 87 या खाचा तारेने जोडतो. पंप चालला, तर दोष रिलेत किंवा त्याला मिळणाऱ्या हुकमात.

छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह हाताळण्याची युक्ती मुळात अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रीची. लहानपणी घड्याळजीकडे उमेदवारी केलेल्या या माणसाने 1831 मध्ये ऑल्बनीत मैलभर तारेच्या टोकाला घंटा वाजवून दाखवली. पुढे प्रिन्स्टनमध्ये तो दुरून आलेल्या क्षीण प्रवाहाने दुसऱ्या, बलाढ्य चुंबकाचे सर्किट तोडून त्याने उचललेले अवजड वजन खाली पाडत असे. रिले म्हणजे नेमके हेच. त्याने पेटंट घेतले नाही. तारयंत्राची कीर्ती मोर्सला मिळाली आणि त्याच मोर्सने 1855 मध्ये हेन्रीचे श्रेय नाकारणारी पुस्तिका छापली. हा अन्याय पाठ्यपुस्तकांनी अजून पुरता धुऊन काढलेला नाही.

हेन्री रिलेच्या त्या काळ्या ठोकळ्यात आणखी एका रूपाने हजर आहे. कॉइलचा प्रवाह तोडला की ती उलट दाबाचा झटका देते; बारा व्होल्टच्या गाडीत तो शंभरच्या पुढे सहज जातो आणि ईसीयूतला ट्रान्झिस्टर जाळू शकतो. म्हणून रिलेत किंवा ईसीयूत डायोड, नाहीतर रोधक बसवतात. या स्वयंप्रवर्तनाबद्दल हेन्रीने 1832 मध्येच लिहिले होते. त्याचे एकक आजही ‘हेन्री’ आहे.

आता रिलेचे दिवस भरले, सगळे काम सेमीकंडक्टर करणार, असे सांगितले जाते. हलक्या कामांपुरते ते खरेही आहे. पण विजेवरची गाडी चालू करताना कान देऊन ऐका. शेकडो व्होल्टची बॅटरी मोटारीच्या सर्किटला जोडताना जो ‘खट्’ होतो, तो काँटॅक्टरचा, म्हणजे दणकट रिलेचाच.