दुहेरी पात्रता, एकेरी नागरिकत्व : तरुण फुटबॉलपटूपुढील निवडीचा प्रश्न

प्रस्तावना

आई-वडिलांच्या स्थलांतरामुळे एकाहून अधिक देशांशी नाते असलेली पिढी आज जगभरातील मैदानांवर खेळताना दिसते. अशा खेळाडूने कोणत्या देशाच्या राष्ट्रीय संघातून खेळावे, हा वरवर भावनेचा वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात दोन स्वतंत्र नियमव्यवस्थांच्या संयोगातून सुटतो. पहिली व्यवस्था म्हणजे फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचे पात्रतेचे नियम, तर दुसरी म्हणजे त्या त्या देशाचा नागरिकत्व कायदा. भारताच्या बाबतीत या दोन व्यवस्थांमध्ये मोठे अंतर आहे. फिफा खेळाडूला दोन देशांचे दरवाजे काही काळ उघडे ठेवू देते. भारतीय कायदा मात्र एकच दरवाजा मान्य करतो. या अंतराचे स्वरूप, त्याचा तरुण खेळाडूच्या कारकीर्दीवर होणारा परिणाम आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

राष्ट्रीय संघ आणि जन्मभूमी यांचे नाते पूर्वी बरेच सैल होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला ४-२ असा विजय मिळवून देणारे आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारे पहिले आशियाई ठरलेले नेव्हिल डिसोझा यांचा जन्म गोव्यातील आसगावचा. त्या वेळी गोवा पोर्तुगीज अंमलाखाली होता आणि भारतात त्याचे विलीनीकरण होण्यास आणखी पाच वर्षे होती. डिसोझा यांची कारकीर्द मात्र मुंबईत घडली आणि ते भारताकडून खेळले. जन्मभूमीवरील सत्ता एका राष्ट्राची आणि अंगावरील जर्सी दुसऱ्या राष्ट्राची, ही स्थिती तेव्हा चर्चेचा विषय झाली नाही.

युरोपातही हेच दिसते. हंगेरीचे पुश्काश आणि उरुग्वेचे सांतामारिया हे १९६२ च्या विश्वचषकात स्पेनकडून खेळले. अशा उदाहरणांनंतर फिफाने निर्बंध कडक केले आणि एका देशाच्या संघातून खेळलेल्या खेळाडूस दुसरीकडे जाण्याचा मार्ग दीर्घकाळ बंद राहिला.

फिफाच्या नियमांची वाटचाल

२१ व्या शतकात हे नियम दोन दिशांनी बदलले. एकीकडे, केवळ पैशाच्या बळावर परदेशी खेळाडूंना नागरिकत्व देण्याच्या प्रयत्नांना आळा घालण्यात आला. २००४ मध्ये फिफाने असे ठरविले की, नव्याने नागरिकत्व घेणाऱ्या खेळाडूचे त्या देशाशी स्पष्ट नाते असले पाहिजे. खेळाडूचा स्वतःचा जन्म, आई-वडिलांपैकी एकाचा जन्म, आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म किंवा ठरावीक काळाचे वास्तव्य, यांपैकी एक तरी आधार आवश्यक ठरला. वास्तव्याची दोन वर्षांची मुदत २००८ मध्ये पाच वर्षांपर्यंत वाढविण्यात आली.

दुसरीकडे, जन्मतः दुहेरी नाते असलेल्या खेळाडूंना सवलत मिळाली. कनिष्ठ गटात एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूस पुढे दुसरा देश निवडण्याची मुभा प्रथम २१ वर्षांच्या वयोमर्यादेसह देण्यात आली आणि २००९ मध्ये ही मर्यादा काढण्यात आली. सप्टेंबर २०२० मध्ये आणखी एक पाऊल टाकले गेले. वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धांत तीनपेक्षा अधिक सामने न खेळलेला खेळाडू, ते सामने वयाची २१ वर्षे पूर्ण होण्याआधीचे असल्यास, शेवटच्या सामन्यानंतर तीन वर्षांनी संघ बदलू शकतो. मात्र विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो खेळलेला नसावा आणि पहिल्या सामन्याच्या वेळी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व त्याच्याकडे असावे, अशा अटी आहेत.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मैत्रीपूर्ण सामना हा अधिकृत स्पर्धेतील सामना मानला जात नाही. त्यामुळे वरिष्ठ संघाकडून खेळलेला एखादा मैत्रीपूर्ण सामना खेळाडूला कायमचा बांधून टाकत नाही.

भारतीय कायद्याची चौकट

संविधानाच्या अनुच्छेद ९ नुसार, स्वेच्छेने परकीय राज्याचे नागरिकत्व संपादन केलेली व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ चे कलम ९ हेच तत्त्व पुढे नेते. २००३ व २००५ च्या सुधारणांतून ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ ही नोंदणी अस्तित्वात आली. या ओसीआय कार्डामुळे व्हिसाविना ये-जा व दीर्घ वास्तव्य शक्य होते. परंतु नावात ‘सिटिझन’ असले तरी हे नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क त्यात नाही, तसाच भारतीय पासपोर्टही नाही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने डिसेंबर २००८ मध्ये भारतीय पासपोर्टधारकच राष्ट्रीय संघातून खेळू शकेल असे धोरण ठरविल्यानंतर ओसीआय कार्डधारक खेळाडूंचा मार्ग बंद झाला. राष्ट्रीय संघासाठी खेळाडूकडे त्या देशाचे नागरिकत्व असावे, ही फिफाचीही मूलभूत अट आहे.

अशा खेळाडूस भारताकडून खेळायचे असेल तर कलम ५ खाली नोंदणीद्वारे नागरिकत्व घ्यावे लागते. स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक जण पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक असल्यास अर्जापूर्वी १२ महिने भारतात वास्तव्य आवश्यक असते. ओसीआय नोंदणीच्या आधारे अर्ज करणाऱ्यास नोंदणीची पाच वर्षे व १२ महिन्यांचे वास्तव्य दाखवावे लागते. दोन्ही मार्गांचा शेवट मूळ देशाच्या नागरिकत्वाच्या त्यागात होतो.

दोन उदाहरणे

अराता इझुमी यांचा जन्म १९८२ मध्ये जपानमध्ये झाला. वडील भारतीय वंशाचे व आई जपानी. २००६ मध्ये ते ईस्ट बंगालकडून खेळण्यासाठी भारतात आले; त्यानंतर मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये आणि २००९ पासून पुणे एफसीमध्ये त्यांची कारकीर्द बहरली. त्यांनी जपानी नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व स्वीकारले, नीलकंठ खंभोळजा हे नाव धारण केले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये पॅलेस्टाईनविरुद्ध भारताकडून पदार्पण केले. त्या वेळी त्यांचे वय ३० वर्षांचे होते.

रायन विल्यम्स यांचा जन्म १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. त्यांच्या आईचा जन्म मुंबईतील एका अँग्लो-इंडियन कुटुंबातला. इंग्लंडमधील पोर्ट्समथ क्लबमधून त्यांची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली आणि पुढे फुलहॅम, बार्न्सली, रॉदरहॅम आदी क्लबांतून ती पुढे गेली. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ संघांतून ते खेळले. वरिष्ठ संघाकडून जून २०१९ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्धचा एक मैत्रीपूर्ण सामना त्यांच्या नावावर आहे. २०२३ मध्ये ते बंगळुरू एफसीत आले आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडून भारतीय नागरिक झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाका येथे बांगलादेशविरुद्ध झालेल्या सामन्यात मात्र, संघबदलाची मान्यता वेळेत न आल्याने, त्यांना खेळता आले नाही. नागरिकत्व ही पहिली पायरी आहे. फिफाची मान्यता ही दुसरी, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

तरुण खेळाडूची अडचण

वरील दोन्ही खेळाडूंत एक साम्य आहे. दोघेही वयाच्या तिशीत भारतीय नागरिक झाले आणि दोघेही तेव्हा भारतातच उपजीविका करीत होते. परदेशी पासपोर्ट सोडल्याने त्यांचे व्यावसायिक नुकसान मर्यादित होते. अठरा-वीस वर्षांच्या खेळाडूची स्थिती याहून वेगळी असते.

१९९८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला भारतीय वंशाचा यान धांडा याचे उदाहरण यासंदर्भात उद्बोधक आहे. लिव्हरपूलच्या अकादमीत तो घडला, इंग्लंडच्या १६ व १७ वर्षांखालील संघांतून खेळला आणि पुढे स्वान्सी सिटी व स्कॉटलंडमधील क्लबांत गेला. भारताकडून खेळण्याची इच्छा त्याने जाहीरपणे व्यक्त केली आहे. परंतु त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागेल. तो सोडताच ज्या देशात खेळाडू जन्मला व शिकला त्याच देशात तो परदेशी कामगार ठरतो. ब्रिटनमध्ये परदेशी खेळाडूला खेळण्याची परवानगी मिळताना त्याच्या राष्ट्रीय संघाचे फिफा क्रमवारीतील स्थान विचारात घेतले जाते आणि त्यात पहिल्या पन्नास संघांना प्राधान्य असते. भारत २०२३ मध्ये जेमतेम पहिल्या शंभरात पोहोचला होता. म्हणजेच, भारताची जर्सी स्वीकारण्याची किंमत म्हणून खेळाडूला स्वतःचा क्लबच गमवावा लागण्याची शक्यता निर्माण होते.

यातून एक विसंगती पुढे येते. सध्याची चौकट तरुण व उमेदीच्या खेळाडूला दूर ठेवते आणि कारकीर्दीच्या उत्तरार्धातील खेळाडूला प्रवेश देते. याची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. नागरिकत्वाची अट शिथिल केल्यास येथील मैदानांवर घडणाऱ्या खेळाडूंच्या संधी कमी होतील, हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शिवाय नागरिकत्व ही केवळ खेळापुरती बाब नसून, एका क्षेत्रासाठी केलेला अपवाद इतर क्षेत्रांतही मागितला जाईल.

स्थानिक संदर्भ

नागरिकत्वाचा प्रश्न उल्हासनगरला नवा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कल्याण छावणीतून १९४९ मध्ये हे शहर आकारास आले. पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाची तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ६ मध्ये आहे. सिंधी समाजाचे व्यापारी संबंध दुबई, हाँगकाँग आदी ठिकाणी पसरलेले आहेत, तर अंबरनाथ व बदलापूर येथील मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुले-मुली नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक होत आहेत. अशा कुटुंबांतील विद्यार्थी शिक्षणासाठी परत येतात, तेव्हा प्राध्यापक व क्रीडा संचालकांना पुढील बाबी ज्ञात असणे हिताचे ठरेल.

पहिली बाब जन्मस्थानाची. आखाती देश तेथे जन्मलेल्या भारतीयांच्या मुलांना जन्माच्या आधारे नागरिकत्व देत नाहीत; अमेरिका व कॅनडा सामान्यतः देतात. दुसरी बाब नोंदणीची. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हावी लागते आणि त्याच्याकडे अन्य देशाचा पासपोर्ट नसल्याचे पालकांना घोषित करावे लागते. तिसरी बाब वयाची. कलम ४ नुसार, वंशाधारे भारतीय असलेले अल्पवयीन मूल अन्य देशाचेही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत ते नागरिकत्व न सोडल्यास त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. ही मुदत नेमकी बारावी ते पदवीच्या पहिल्या वर्षाच्या काळात येते. चौथी बाब पालकांच्या निर्णयाची. पालकांनी परकीय नागरिकत्व घेतल्याने त्यांचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपले असेल, तर सज्ञान झालेल्या अपत्यास कलम ८ खालील पुनःप्राप्तीचा लाभ मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला आहे.

निष्कर्ष

फिफाच्या नियमांनी दुहेरी नाते असलेल्या खेळाडूला विचार करण्यास वेळ दिला आहे. भारतीय कायद्याने तो वेळ सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावर संपविला आहे. दोन्हींमागे आपापले तर्क आहेत. एकात खेळाडूचे हित, तर दुसऱ्यात नागरिकत्वाची अविभाज्यता. कायद्यात बदल होईल तेव्हा होवो. तोपर्यंत निवड करावी लागणार आहे ती अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला. ती अज्ञानातून होऊ नये, मुदत उलटल्यानंतर तिचे भान येऊ नये, एवढी जबाबदारी महाविद्यालयांना निश्चितपणे उचलता येईल. प्रवेश अर्जातील राष्ट्रीयत्वाचा रकाना वाचून संबंधित विद्यार्थ्याशी वेळेवर संवाद साधणे, ही त्याची सुरुवात ठरू शकते.