टीसीएल: वासावरून पारख नको

पावसाळ्यात विहिरीत टीसीएल टाकलं की बादलीच्या तळाशी उरलेला पांढरा गाळ पाहून कुणीतरी म्हणतंच, ‘पावडर भेसळीची आहे.’ तसं नसतं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने 1799 मध्ये तिचं पेटंट घेतलं, तेही कापड शुभ्र करण्यासाठी. विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की चुना तो शोषून घेतो आणि ही पावडर तयार होते. शाळेत तिचं एकच सूत्र शिकवतात. प्रत्यक्षात ती कॅल्शियम हायपोक्लोराइट, कॅल्शियम क्लोराइड आणि चुना यांचं मिश्रण असते. गाळ मुख्यतः त्या चुन्याचाच. उष्ण हवेत पावडर टिकावी म्हणून काही वेळा तो मुद्दामही जास्त घालतात.

म्हणूनच पावडर कोरडीच विहिरीत ओतू नये. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवावी, मग पाणी वाढवून ढवळावं, दहा मिनिटं थांबावं आणि वरची निवळी तेवढी विहिरीत सोडावी. क्लोरीन निवळीत उतरलेला असतो. गाळ टाकला तर पाणी उगाच जड होतं.

सगळ्यात घातक समज वासाचा. गोणी उघडताच नाकाला झोंबलं की पावडर जोरदार, असं मानतात. खरं तर हवेतला दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे पावडरीतून क्लोरीन सुटत असतो, त्याचा तो वास. जंतू मारायला ठेवलेली ताकदच हवेत जात असते. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन साधारण 33 टक्के असतो. तोंड उघडं ठेवून ओल्या भिंतीला टेकवलेली गोणी काही महिन्यांनीही पांढरीशुभ्रच दिसते, पण क्लोरीन बराच उडून गेलेला असतो. मग मोजून टाकलेली पावडरही कमी पडते. तपासणी हवी ती क्लोरीनच्या टक्क्याची.

टीसीएल टाकलं की लगेच पाणी भरायचं, हेही चूक. पाण्यात तयार होणारं हायपोक्लोरस आम्ल जंतूंना मारतं, आणि त्याला किमान तासभर लागतो. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. तासानंतर लिटरला निदान 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं होतं ते त्यामुळेच.

आणि संडास घासताना ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र केलं तर ‘दुप्पट स्वच्छता’ होत नाही, विषारी क्लोरीन वायू भसकन सुटतो. डोळे चुरचुरले, खोकला आला तर सगळं तिथेच सोडून आधी मोकळ्या हवेत या.